वेगाला घाट हवा

मोटारींच्या शर्यतीविषयी सुशिक्षित घरांत दोन समज रूढ आहेत. पहिला असा की, हा खेळ केवळ धनिकांचा; आणि दुसरा असा की, त्यात जो अधिक बेफाम तोच जिंकतो. इतिहास चाळून पाहिल्यास हे दोन्ही समज अपुरे ठरतात. ह्या खेळाचा पुष्कळसा भाग सामान्य कुटुंबाच्या वापरातील लहान गाड्यांनी घडविला आहे. आणि शर्यतीच्या दिवशी जे दिसते त्याचा बराचसा निर्णय त्यापूर्वीच, प्रेक्षक नसलेल्या एखाद्या सकाळी, गाडीच्या परीक्षेच्या वेळी होऊन गेलेला असतो. शर्यतीचे मार्ग वर्षातील काही दिवस स्पर्धेसाठी नव्हे, तर केवळ सरावासाठी व परीक्षेसाठी खुले ठेवले जातात. ह्या दिवसास 'ट्रॅक डे' म्हणतात. पाठीमागे वर उघडणारे दार असलेली एखादी जुनी आखूड गाडी, म्हणजे हॅचबॅक, त्या दिवशी मार्गावर सोडावयाची, चार फेऱ्यांनंतर परत आणावयाची, एखादा नट अर्धा आटा फिरवावयाचा आणि पुन्हा सोडावयाची, असा तो दिवसभराचा उद्योग असतो. पाहणाऱ्यास तो कंटाळवाणा वाटेल. परंतु त्याच्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

हा इतिहास समजून घेण्यास पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यासारखे दुसरे ठिकाण क्वचितच मिळेल. ह्या तालुक्यात घोटावडे नावाचे गाव आहे. गावाच्या एका अंगास पौडचा रस्ता व पिरंगुटचे कारखाने, तर दुसऱ्या अंगास हिंजवडीच्या उंच इमारती. ईशान्येस पिंपरी-चिंचवड व चाकण येथे मोटारींचे मोठे कारखाने आहेत. पूर्वेस पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली, मोटारींचे संशोधन व परीक्षण करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. मोटार घडविण्याची व तपासण्याची विद्या अशी ह्या गावाच्या चहूबाजूंस वसली आहे. तथापि वेगाच्या परीक्षेचे पहिले तत्त्व ह्या परिसरास मोटारीने शिकविलेले नाही. ते त्याला त्याआधीच ठाऊक होते.

खेड, मावळ, मुळशी, जुन्नर ह्या पट्ट्यातील बैलगाडा शर्यत ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हे विधान चमत्कारिक वाटणार नाही. येथील शर्यत वाहत्या रस्त्यावर होत नाही. तिच्यासाठी चढाची एक धाव राखून, दगडगोटे वेचून, दोन्ही बाजूंस प्रेक्षकांची जागा ठरवून तयार केलेली असते. तिला घाट म्हणतात. येथे गाडे एकमेकांस धक्के देत एकत्र धावत नाहीत. प्रत्येकाची बारी स्वतंत्र असते आणि तिचा काळ घड्याळावर सेकंदांत मोजला जातो. सर्वांत कमी वेळ घेणारा गाडा घाटाचा राजा ठरतो. राखीव जागा, स्वतंत्र धाव आणि घड्याळाची साक्ष, ही आधुनिक परीक्षणाची तिन्ही अंगे ह्या ग्रामीण खेळात आहेत. हा खेळही निर्वेध चालत आलेला नाही. मुक्या जनावरांच्या छळाचा प्रश्न उपस्थित होऊन मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. म्हणजे घाट राखला तरी भागत नाही. नियम व देखरेखही लागते. मोटारीच्या बाबतीत हाच धडा युरोपाने फार मोठी किंमत देऊन घेतला.

विसाव्या शतकाच्या आरंभी तिकडील शर्यती एका शहराहून दुसऱ्या शहराकडे, सार्वजनिक रस्त्यांवरून होत असत. मे १९०३ मध्ये पॅरिसहून माद्रिदकडे अशी एक शर्यत निघाली. रस्त्यांवर धुळीचे लोट उसळले होते, कडेला गर्दी होती, मध्येच जनावरे येत होती. मोटार म्हणजे काय हे त्या गर्दीतील कित्येकांना नीटसे ठाऊकही नव्हते. चालक व प्रेक्षक मिळून अनेक जण प्राणास मुकले; रेनॉ कंपनीच्या संस्थापक बंधूंपैकी मार्सेल रेनॉ हेही त्यांत होते. सरकारने ती शर्यत बोर्दो येथेच थांबविली. इंग्लंडात त्याच वर्षीच्या कायद्याने रस्त्यावरील वेगास ताशी २० मैलांची मर्यादा घातली. मग मोटारी वेगाने चालवून पाहावयाच्या कोठे? हा प्रश्न ह्यू लॉक किंग ह्या जमीनदाराने सोडविला. सरे परगण्यातील आपल्या इस्टेटीत त्याने सुमारे पावणेतीन मैलांचा, वळणावर उंच कडा उचललेला काँक्रीटचा मार्ग बांधला आणि जून १९०७ मध्ये तो खुला झाला. हेच ब्रुकलँड्स होय. मोटारींसाठी मुद्दाम बांधलेला हा पहिला मार्ग. उद्घाटनानंतर लगेच सेल्विन एज ह्या गृहस्थाने आपली नेपियर मोटार तेथे सलग २४ तास चालवून १५८१ मैलांची मजल मारली. सरासरी ताशी ६५ मैलांहून अधिक पडली. ती शर्यत नव्हती. ती परीक्षा होती. पुढे कारखानदार आपल्या नव्या गाड्या तेथे आणून तपासू लागले आणि शर्यतीचा मार्ग ही यंत्रांची शाळा बनली.

हिंदुस्थानात मोटार आली तीही परीक्षा देतच. डिसेंबर १९०४ च्या अखेरीस दिल्लीहून मुंबईस मोटारींचा एक ताफा निघाला. वेगात कोण पुढे हे पाहण्याचा त्यात हेतू नव्हता. ह्या देशाच्या रस्त्यांवर, धुळीत आणि नद्यांच्या उतारांवर हे यंत्र भरवशाचे ठरते की नाही, हे पाहावयाचे होते. त्यानंतर मुंबई-पुणे रस्त्यावरील बोरघाटाने पिढ्यान्पिढ्या मोटारींची परीक्षा घेतली. चढावर रेडिएटरमधील पाणी उकळून थांबलेल्या गाड्या आणि पाण्याचा डबा घेऊन उभे असलेले चालक हे त्या रस्त्याचे ठरलेले दृश्य असे. परंतु वेगाची परीक्षा निराळी. तिला मोकळी व निर्मनुष्य जागा हवी. ती दुसऱ्या महायुद्धाने अनायासे दिली. युद्धासाठी बांधलेल्या धावपट्ट्या शांतता होताच ओस पडल्या. त्यांपैकी मद्रासजवळील शोलावरम व कलकत्त्याजवळील बराकपूर येथे शर्यती भरू लागल्या. १९५३ साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला. १९७१ साली देशातील अशा क्लबांचा संघ निघाला. आणि १९९० च्या सुमारास श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे सुमारे ३.७ किलोमीटरचा कायमचा मार्ग तयार झाला. कोइंबतूरचे सुंदरम करिवर्धन हे स्वतः शर्यतीच्या गाड्या घडवीत. १९९५ साली त्यांचे विमान अपघातात निधन झाले. २००३ साली कोइंबतूरजवळ झालेल्या मार्गास त्यांचेच नाव दिले गेले.

येथे लहान कौटुंबिक गाडीचा प्रवेश होतो. १९५९ साली ॲलेक इसिगोनिस ह्यांनी इंग्लंडात 'मिनी' काढली. इंजिन आडवे बसविलेले, ओढ पुढच्या चाकांना आणि गाडी अवघी दहा फूट. मागचे दार ह्या गाडीस नव्हते. परंतु पुढील काळातील बहुतेक हॅचबॅकांची घडण हिच्याच धर्तीवर झाली. शर्यतीच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर ह्यांनी तिचे इंजिन व ब्रेक सुधारले आणि १९६४, १९६५ व १९६७ साली ह्या बाजारहाटाच्या गाडीने मोंटे कार्लोची प्रसिद्ध रॅली जिंकली. जर्मनीत १९७४ साली 'गोल्फ' निघाली. तिची वेगवान आवृत्ती काही अभियंत्यांनी प्रथम कामाच्या वेळेबाहेर, हौसेने तयार केली होती. १९७६ साली ती बाजारात आली तेव्हा केवळ ५,००० गाड्या काढण्याचा बेत होता. प्रत्यक्षात त्या लाखांनी खपल्या.

आपल्याकडे १४ डिसेंबर १९८३ रोजी 'मारुती ८००' ची पहिली किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. तीन सिलिंडरांचे, ७९६ घनसेंटिमीटरचे ते इंजिन ज्या मध्यमवर्गास कचेरीस व लग्नकार्यास घेऊन जाई, त्याच वर्गातील हौशी तरुणांस त्याने शर्यतीचीही वाट दाखविली. करिवर्धन ह्यांनी हेच इंजिन एकआसनी शर्यतीच्या गाडीत बसविले. नारायण कार्तिकेयन हे फॉर्म्युला वनमध्ये २००५ साली उतरलेले पहिले भारतीय. त्यांच्या शर्यतीच्या जीवनाचा आरंभ मारुतीच्या इंजिनावर चालणाऱ्या अशाच वर्गात, श्रीपेरुंबुदूर येथे झाला. पुण्याचा वाटाही लहान नाही. ३० डिसेंबर १९९८ रोजी लोकांपुढे आलेली टाटांची 'इंडिका' पुण्यात घडली. चाकणच्या कारखान्यात २००९ च्या अखेरीपासून फोक्सवॅगनची 'पोलो' तयार होऊ लागली आणि २०१० साली त्याच गाडीच्या शर्यतींची मालिका देशात सुरू झाली. आरंभीच्या गाड्यांत १३० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते, २०१२ पासून १८० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आले. सर्वांच्या गाड्या सारख्या असल्याने जो फरक पडेल तो चालकाचा, हे ह्या मालिकेचे तत्त्व. कोल्हापूरचे ध्रुव मोहिते ह्यांच्यासारखे मराठी मुलखातील चालक ह्या कंपनीच्या शर्यतींत उतरले. २०२२ साली भारतात पोलोचे उत्पादन थांबले आणि चाकणची ही गाडी जुन्या गाड्यांच्या पंक्तीस जाऊन बसली.

अशा जुन्या गाडीची परीक्षा घेतात म्हणजे काय करतात? पहिला नियम असा की, एका वेळी एकच बदल करावयाचा. टायरांतील हवा कमी केली, स्प्रिंगा बदलल्या आणि इंजिनही छेडले, आणि मग गाडी अर्ध्या सेकंदाने वेगवान झाली, तर श्रेय कोणाचे? ते कळत नाही, आणि जे कळत नाही त्याचा दुसऱ्या दिवशी उपयोग नाही. म्हणून प्रत्येक वेळी वहीत हवामान, दाब, फेरीचा काळ व चालकाचे म्हणणे लिहून ठेवतात. आणि बदल निरुपयोगी ठरल्यास गाडी पूर्वस्थितीस आणून पुन्हा घड्याळ लावतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात पावणेतीन मीटर पुढे जाते. शर्यतीत एवढे अंतर म्हणजे जवळजवळ एक गाडीच.

प्रथम टायर. धावताना ते तापतात व आतील हवेचा दाब वाढतो. म्हणून थंड असताना दाब मुद्दाम कमी ठेवून, गाडी परतताच तो पुन्हा मोजतात. टायरच्या पृष्ठाचे तापमान आतल्या कडेस, मध्ये व बाहेरच्या कडेस असे तीन ठिकाणी घेतात. मध्यभाग अधिक तापला तर हवा जास्त. दोन्ही कडा तापल्या तर हवा कमी. केवळ बाहेरची कडा तापली तर वळणावर चाक पुरेसे कललेले नाही. रबर अशा रीतीने आपली तक्रार स्वतःच सांगते. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत त्याच चाकांनी ओढावयाचे व त्यांनीच वळवावयाचे. त्यामुळे घाई केली की गाडीचे नाक वळणाबाहेर जाते. ह्यावर उपाय म्हणून मागची बाजू अधिक ताठ करतात. मग जोरदार वळणावर मागचे आतले चाक जमिनीवरून उचललेले दिसते. नवख्यास ते भयप्रद वाटते. जाणत्यास ते गाडी नीट बसल्याचे चिन्ह वाटते.

नंतर ब्रेक. वेग दुप्पट झाला की गाडीतील गतीची ऊर्जा चौपट होते. हजार किलोची गाडी ताशी १२० किलोमीटर वेगावरून थांबविताना जी उष्णता निघते, तिने सुमारे पावणेदोन लिटर साधे पाणी उकळीस येईल. आणि ही उष्णता काही सेकंदांत, फेरीत अनेक वेळा, चार चकत्यांत उतरते. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते. प्रचलित प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे. तेच ओल शोषल्यावर १५५ अंशांवर उकळले तरी नियमात बसते. तेल उकळले की नळीत वाफ होते, पाय दाबला तरी वाफच दबते आणि गाडी थांबत नाही. म्हणून जुन्या गाडीचे तेल परीक्षेपूर्वी बदलतात, शेवटची फेरी सावकाश घालून चकत्या निववितात आणि गाडी उभी केल्यावर हातब्रेक ओढत नाहीत. वयाबरोबर कडक झालेले रबरी बुश, झिजलेले बेअरिंग, थकलेले शॉक ॲब्सॉर्बर हे सारे ह्याच दिवशी उघडे पडते.

शेवटी इंजिन. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाहतात. तो बिस्किटासारखा तपकिरी असेल तर मिश्रण योग्य. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. पांढुरका पडला असेल तर पेट्रोल कमी, आणि हा शेवटचा प्रकार इंजिनास घातक. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. येथील हवा किनाऱ्यावरील हवेहून सुमारे पाच टक्के विरळ. पुण्यात काटेकोर जुळविलेली गाडी मद्रासच्या दाट हवेत नेली की पेट्रोल अपुरे पडू लागते. म्हणून ज्या मार्गावर धावावयाचे, शक्यतो त्याच हवेत परीक्षा घ्यावी, असा जाणत्यांचा आग्रह असतो.

आणि येथेच खरा प्रश्न उभा राहतो. परीक्षेस जागा हवी. महाराष्ट्रातील चालकास पूर्ण लांबीच्या नामांकित मार्गासाठी दीर्घकाळ दक्षिणेची वाट धरावी लागली. पुण्याहून मद्रास किंवा कोइंबतूर हजार किलोमीटरांहून अधिक दूर. एका दिवसाच्या परीक्षेसाठी गाडी मालमोटारीवर चढवून तिकडे नेण्याचा खर्च सर्वांस झेपत नाही. कोल्हापूरजवळ मोहिते ह्यांच्या अकादमीने लहान गाड्यांचा मार्ग केला. मुळशी तालुक्यातच पश्चिमेस आंबवणे येथील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर २०१० नंतरच्या वर्षांत सरळ रेषेतील वेगाच्या स्पर्धा भरल्या. शोलावरमचीच ही पुनरावृत्ती म्हणावयाची: विमानाची वाट मोटारीस उसनी मिळाली. परंतु उसन्या जागेवर नित्याची शाळा चालत नाही.

जागा न मिळाल्यास हौस नाहीशी होते असे नाही. ती रस्त्यावर येते. रात्री मोकळा वाटणारा रस्ता मोकळा नसतो. घोटावड्यासारख्या गावाच्या रस्त्यावर पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन निघालेला मोटारसायकलवाला असतो, रात्रपाळी करून परतणारा कामगार असतो, शेताकडे निघालेली बैलजोडी असते. म्हणूनच १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाने सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वेगाची स्पर्धा किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा ठरविला आहे. पूर्वी त्यास एक महिन्यापर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड झाला, आणि गुन्हा पुन्हा केल्यास शिक्षा आणखी वाढते. गाडीच्या मूळ घडणीत मनमानी फेरबदल करण्यासही त्याच कायद्याचे ५२ वे कलम आडवे येते. कायद्याने निषेध केला हे योग्यच झाले. परंतु नुसत्या निषेधाने वेगाची ओढ शमत नाही, हे इंग्लंडच्या १९०३ च्या कायद्यानंतर चार वर्षांनी ब्रुकलँड्स उभे राहिले ह्यावरून दिसते.

ह्याचा अर्थ कोणाचीही जमीन घेऊन त्यावर मार्ग बांधावा असा नव्हे. मुळशी खोऱ्यास जमिनीचे मोल कोणी सांगावयास नको. १९२१ साली धरणाखाली जाणाऱ्या शेतांसाठी येथील मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि पां. म. बापट ह्यांस लोकांनी सेनापती ही पदवी दिली ती त्याच लढ्यात. तेव्हा भाताची खाचरे राखून, माळरानावर किंवा मोकळ्या पडलेल्या धावपट्टीवर, गावाच्या संमतीने व डॉक्टर आणि रुग्णवाहिका सज्ज ठेवून वर्षातले काही दिवस जरी अशा परीक्षेस मिळाले, तरी पुष्कळ साधेल. जो तरुण एकदा सकाळपासून संध्याकाळपर्यंत वही व घड्याळ घेऊन मार्गावर बसला, ज्याने उकळलेल्या तेलाने मऊ पडलेला ब्रेक स्वतःच्या पायाखाली अनुभवला, तो रात्री शहराच्या रस्त्यावर गाडी पिटाळीत नाही. यंत्राची मर्यादा कोठे आहे ते त्याने पाहिलेले असते.

बैल घाटात सोडावयाचा, गावातल्या वाटेवर नव्हे, हे येथील शेतकऱ्यास कोणी शिकविले नाही. चाकण व पिंपरीचे कारखाने ज्या परिसरात मोटारी घडवितात, त्या परिसराने मोटारीसही तिचा घाट द्यावा, एवढीच ह्या इतिहासाची मागणी आहे.